वन्सं, तुमची सोमी येऊन गेली

वन्सं, तुम्ही गेल्यापासून मी पुन्हा तोंडातल्या तोंडात बोलायला लागले आहे. परवा तुमच्या भावांना वाढताना काहीतरी विचारलं, तर ते ताटावरून मान वर करून म्हणाले, "काय? नीट बोल." आणि त्यांनी पुन्हा ताटात मान घातली. ते वाक्य तुमचं होतं. या घरात इतकी वर्षं ते फक्त तुम्हीच म्हणत आलात. "यशोदे, तोंड उघडून बोल. ओठ दिसू देत."

लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा वडीलधाऱ्यांशी बोलताना मी पदराचं टोक ओठांवर धरायची. आईनं तसंच वळण लावलं होतं. सासूबाई नव्हत्याच, घरात मोठ्या तुम्ही. पुरतं वर्षही संसार न होता माहेरी परतलेल्या, पुण्याला ट्रेनिंग करून आलेल्या, संस्थानच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या थोरल्या नणंदबाई. मला तुमचा असा धाक की तुमची चाहूल लागली तरी हातातलं भांडं निसटायचं. पण तो पदर तुम्ही माझा धाक जावा म्हणून उतरवला नाहीत, की सुधारणेसाठीही नाही. तो तुम्ही सोमीसाठी उतरवलात.

समाचाराला येणारी माणसं तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात. बाई शिस्तीच्या होत्या, बाईंच्या हाताखालची मुलगी कधी नापास झाली नाही, राजवाड्यातूनही बाईंना मान होता. सगळं खरं आहे. मी मान डोलावते. सोमीचं नाव मात्र कुणी काढत नाही, म्हणून हे लिहायला बसले. लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायला आता कोणी नाही, तेव्हा जशा पडतील तशा पडू देत.

बुधी तुम्हाला आठवते तशीच मला आठवते. मोखाड्याच्या वाटेवरच्या पाड्यावरून यायची, डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला कोयता आणि मागे लुगड्याचा सोगा धरून चालणारी सोमी. पोर सहा-सात वर्षांची असेल. डोळे असे की बघणाऱ्यालाच कुणीतरी बघतंय असं वाटावं. मी तिला गूळ दिला, नाव विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मुकी हाय ती बाय," बुधी म्हणाली. "बारकी हुती तवा आय म्हणायची. मंग ताप आला, कानातून पू गेला. तवापासून काय नाय. भगताला दावली, देवाला कोंबडा सोडला. नाय बोलत."

तुम्ही तेव्हा शाळेतून येऊन पाय धूत होता. स्वयंपाकघरात गेलात, पितळेचं झाकण घेऊन आलात आणि सोमीच्या पाठीमागे फरशीवर आपटलंत. मी दचकले, बुधी दचकली, कुंपणावरचा कावळा उडाला. सोमी गूळ चाटत होती. मग तुम्ही मुसळ उचललंत आणि पडवीच्या मातीवर दाणकन आदळलंत. सोमीनं मागे वळून पाहिलं, आणि मग खाली, आपल्या पायांकडे.

"मुकी नाहीये," तुम्ही म्हणालात. "बहिरी आहे. बहिरी आहे म्हणून मुकी आहे. दोन्ही एकच नव्हे."

मला त्यात काय फरक ते कळलं नाही. लंगड्याला लंगडा म्हटलं काय नि पांगळा म्हटलं काय, असं काहीतरी मी बोलून गेले. तुम्ही रागावला नाहीत. ट्रेनिंगला असताना तुम्ही मुंबईला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा पाहून आला होतात, एकच दुपार. तिथे एका मुलानं तुम्हाला तुमचं नाव विचारलं होतं, तोंडानं. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता, तुम्ही सांगितलंत, पण प्रश्न माणसाचाच होता. एवढ्या एका दुपारच्या भांडवलावर तुम्ही त्या पोरीला शिकवायला निघालात. मी तुमच्या जागी असते तर मुंबईला पत्र धाडलं असतं, उत्तराची वाट पाहिली असती आणि तोवर पोर लग्नाची झाली असती.

बुधीला पटवणं सोपं गेलं नाही. लाकडं विकायला येणाऱ्या बाईला पोरगी घरी हवी असते, धाकट्याला सांभाळायला, गुरांमागे जायला. तुम्ही तोड काढलीत. बुधीनं आठवड्यातून दोनदा येऊन आपल्याकडचं दळण दळायचं, आणि ती दळेल तेवढा वेळ पोर तुमच्यापाशी. शाळेच्या वेळा सांभाळून तुम्ही ते बसवलंत. शाळेत एका वरिष्ठांनी विचारलं होतं की मुक्या मुलीचं नाव कुठल्या इयत्तेत घालणार? तुम्ही म्हणालात, "नाव घालायचंच नाही. ती माझ्या घरी येते."

पहिले कितीतरी दिवस काहीच झालं नाही. तुम्ही तिला समोर बसवून "आ" करायचात, ती "आ" करायची, पण आवाज निघायचा नाही. नुसतं तोंड. जणू भिंतीवरचं चित्र जांभई देतंय. तुम्ही चिडायचात, स्वतःवरच, आणि संध्याकाळी भाजी चिरताना विळीवर आपटून चिरायचात.

मग ती दुपार. बुधी मागच्या पडवीत नाचणी दळत होती आणि गात होती. तिच्या गाण्यातले अर्धे शब्द आपल्याला कळायचे नाहीत, पण चाल कानात राहायची. सोमी तुमच्यासमोरून उठली, आईकडे गेली आणि तिच्या पाठीला गाल लावून बसली. डोळे मिटलेले. बुधी पुढे झुकली की तीही झुकायची. बुधी श्वास घ्यायला थांबली की सोमी डोळे उघडायची आणि पाठीवर थाप मारायची: गा.

"बुधी, ही नेहमी अशी बसते?" तुम्ही विचारलंत.

"व्हय. नाय बसू दिली त रडते."

तुम्ही पडवीत उभ्याच्या उभ्या होतात. मग खाली बसलात, सोमीचा हात घेतलात आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवलात. आणि वन्सं, तुम्ही गायला लागलात. तुमचा आवाज कसा होता ते मी आता लिहिलं तर तुम्ही रागवाल. बुधी दळायची थांबली. पण सोमीचे डोळे मोठे मोठे होत गेले. तिनं दुसरा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि काहीतरी शोधत असल्यासारखी चाचपत राहिली. आणि मग तिथून एक घुमता आवाज निघाला, कुणी रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा. बुधीच्या हातातला खुंटा सुटला.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हणालात काय? "यशोदे, दिवा लावायची वेळ झाली का बघ." अजून ऊन होतं.

त्यानंतरचे दिवस या घराचे सगळ्यात गोंगाटाचे आणि सगळ्यात आनंदाचे. सावरीच्या बोंडातला कापूस आणून तुम्ही तिच्या तळहातावर ठेवायचात. "प" म्हटलं की कापूस उडायला हवा. "ब" म्हटलं की उडायचा नाही, पण गळा थरथरायला हवा. "म" म्हटलं की नाकपुडीवर ठेवलेलं बोट घुमायला हवं. मी आयुष्यभर प-ब-म म्हणत आले होते, पण तीन अक्षरं तीन जागी राहतात हे मला माहीत नव्हतं. पोळ्या लाटता लाटता मीही नाकाला बोट लावून "म" म्हणून बघायची. तुम्ही एकदा पाहिलंत आणि हसलात, आणि पिठाचं नाक घेऊन मीही हसले. धाक त्या दिवशी संपला असावा.

आणि मिशा! तुमच्या भावांच्या मिशा म्हणजे संस्थानच्या जंगलखात्याचा रुबाब. सोमी आमच्या सगळ्यांच्या ओठांकडे बघून शब्द ओळखायला शिकली, पण ते बोलले की ती गोंधळून तुमच्याकडे बघायची. तुम्ही जेवताना सरळ म्हणालात, "बापू, तुझ्या मिशांमागे काय चाललंय ते पोरीला दिसत नाही." ते म्हणाले, "मग तिनं माझं ऐकू नये." चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी न्हाव्याला बोलावणं गेलं. पंगतीत सोमीनं त्यांचा वरचा ओठ पाहिला, बोट दाखवलं आणि म्हणाली, "बा-पू." या घरात तिचा तो पहिला पूर्ण शब्द. तुमच्या भावांनी त्यानंतर मिशा कधीच वाढवल्या नाहीत. तुम्ही गेल्यावर क्षौर झालं तेव्हा न्हावी मिशांसाठी वस्तरा घेऊन थांबला आणि त्याला काढायला काहीच मिळालं नाही. ते मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी गेले नाही. मला माहीत होतं.

पण वन्सं, सगळंच कौतुकाचं लिहिलं तर तुम्हीच लाल रेघ माराल. आपलं भांडण लिहायलाच हवं.

सोमीचे हात. ती हातांनी बोलायची. बुधी आणि तिची अशी एक बोली होती. मूठ उघडून बोटं खाली आणली की पाऊस, कानापाशी दोन बोटं की वासरू, पोटावर हात फिरवून मान हलवली की भूक नाही. ती बोली मी शिकले. तुम्हाला ते खपायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "हात मांडीवर, सोमी. आवाज काढ." मी म्हणायची, "तिला बोलता येतंय की, वन्सं. हातांनी येतंय." तुम्ही म्हणायचात, "हे हात वाचणाऱ्या जगात दोघी. एक तिची आई, एक तू. तुम्ही दोघी मेल्यावर ती कुणाशी बोलणार?" तरी मला तुमचं बरोबर वाटायचं नाही.

एक दिवस "क" येत नव्हता. "क" कुणाला दिसत नाही, तो घशात लपून राहतो. तुम्ही चमच्याच्या दांड्यानं तिची जीभ दाबून दाखवत होतात, ती हातांनी तुम्हाला ढकलत होती, काहीतरी सांगत होती. तुम्ही तिच्याच ओढणीच्या फडक्यानं तिचे हात मागे बांधलेत. सोमी तुमच्या बोटाला कडकडून चावली. रक्त आलं. मग दात सोडवून ती तशीच, बांधल्या हातांनी, मागच्या दारानं पळाली.

त्यानंतर सोमी आली नाही. बुधीही आली नाही. लाकडं दुसरीच कोणी घेऊन यायची. तुम्ही शाळेत जात होतात, येत होतात, बोटाला चिंधी बांधत होतात. पण एका रविवारी सकाळी तुम्ही पायांत वहाणा चढवल्यात आणि म्हणालात, "यशोदे, येतेस? एकटीला वाट सापडायची नाही."

पाडा डोंगराच्या कडेला होता. वाट अशी की तुमचं लुगडं करवंदीच्या काट्यांना दहादा अडकलं. सोमी झोपडीमागे शेळीचं पिल्लू धरून बसली होती. आपल्याला पाहिल्यावर तोंड फिरवलं. बुधीनं घोंगडी टाकली. तुम्ही घोंगडीवर बसला नाहीत. सोमीच्या समोर, जमिनीवर बसलात. एवढ्या मोठ्या शिक्षिका तुम्ही, आणि तुम्ही तिला तोंडानं म्हणालात, हळू, ओठ नीट हलवत, "माझं चुकलं." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "हे हातांनी कसं म्हणायचं?"

मला येत नव्हतं. बुधीला विचारलं. बुधी हसली. "तसं काय नाय, बाय. कुनी रुसलं त कान धरतो."

तुम्ही कान धरलेत. सोमीनं बराच वेळ पाहिलं. मग पिल्लू तुमच्या मांडीवर आणून ठेवलं.

त्या दिवशी आपण तिथे नाचणीची भाकर आणि उडदाचं कालवण खाल्लं, आणि येताना वाटेत तुम्ही मला वासरू, पाऊस, भूक विचारून घेतलंत. पण हार मानलीत असं नव्हे. दुसऱ्याच आठवड्याला ठरावच झाला: शिकवणी चालू असताना आवाज, शिकवणी संपल्यावर हात. आणि "क" तिला आला, पुढे कधीतरी, जांभूळ खाताना, आपोआप.

आता ते फाल्गुनातलं. तुम्ही ही गोष्ट कुणालाही सांगताना नेहमी अर्धीच सांगायचात, म्हणून मी पुरी लिहिते.

बुधी मोखाड्याच्या बाजाराला निघाली होती, सोमी बरोबर. आडवाटेनं उतरताना सुकल्या पानांवरून पाय घसरला आणि बुधी डोक्यावरच्या ओझ्यासकट नाळीत, खालच्या खोल घळीत, गेली. पाय मोडला, हाड बाहेर आलं. रानात माणूस नाही. सोमी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. ती पळत वर गाडीरस्त्याला आली. गाडीवान बुधीला जव्हारच्या दवाखान्यात पोचवून सोमीला तुमच्या दारात घेऊन आला, कारण ती "वन्नं, वन्नं" असं एकच म्हणत वाट दाखवत होती. मी तुम्हाला वन्सं म्हणते ते बघून तिनं तुमचं तेच नाव ठेवलं होतं. "न्सं" तिला जन्मात जमलं नाही.

गाडीवान ओट्यावर पाणी पीत सांगत होता. "पोर आडवी आली, हातवारे करत. मला वाटलं येडी हाय, भाकर मागते. मी बैल हाकलले. पंधरा-वीस कासरे गेलो असंन, तं मागून वराडली. बाय, तसला आवाज मी जन्मात नाय ऐकला. बैल थांबले. 'आय प्पडली! आय प्पडली!' अंगावर काटाच आला. मंग वळून बघतो तं हातानं दावते, खाली, नाळीत, आणि पाय असा मोडला."

"ऐकलंस, यशोदे?" तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकत होते. "आवाजानं थांबला तो."

"आणि नाळ कुणी दाखवली?" मी म्हटलं.

त्या दारात, त्या घाबऱ्याघुबऱ्या पोरीला पोटाशी धरून, आपण दोघी भांडलो, वन्सं. गाडीवान आपल्याकडे बघत राहिला. शेवटी त्यानं लोटा खाली ठेवला आणि म्हणाला, "बायांनो, पोरीला काय खायला द्या की."

बुधी लंगडत का होईना, चालायला लागली. ती दवाखान्यात होती तेवढे दिवस सोमी आपल्याकडे राहिली. जव्हारात गोष्ट पसरली, आणि मग तुमच्याकडे माणसं यायला लागली. अडखळणारा एक मुलगा आला, त्याला तुम्ही मांडीवर ठेका धरून बोलायला लावलंत. एक मुलगी शाळेत वर्षभर अक्षर बोलली नव्हती. तुम्ही चौकशी केलीत, तेव्हा कळलं की पहिल्याच दिवशी तिच्या पाड्यावरच्या शब्दाला वर्ग हसला होता. तुम्ही तो शब्द तिच्याकडून शिकून घेतलात आणि आठवडाभर वर्गात तोच वापरलात. मुलगी बोलायला लागली. ही दोघंही सोमीपेक्षा सोपी होती, तुम्ही म्हणायचात. सोमीइतकं तुम्हाला कुणी दमवलं नाही, आणि सोमीइतकं कुणी आवडलंही नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा खोडाळ्याहून माणसं आली होती. बुधीनं आपल्याला मुद्दाम बोलावलं. बोलणी चालली होती, आणि नवऱ्या मुलाचा बाप बुधीच्या नवऱ्याला विचारत होता की पोरीला कळतं किती. सोमी मधेच उठली. सोळा वर्षांची, हिरवं लुगडं. त्यांच्यासमोर उभी राहून आपल्या त्या जाड, घुमत्या आवाजात म्हणाली, "मला ऐकू येत नाय. तोंड बघून कळतं. तोंड बघून बोला." मग त्या म्हाताऱ्यानं तोंडातला तंबाखू थुंकला, तोंड पुसलं, आणि तिच्याकडे तोंड करून, मोठ्यानं नव्हे, सावकाश विचारलं, "माझ्या पोराशी लगीन करशील?"

परतताना तुम्ही, घर दिसायला लागलं तेव्हा एवढंच म्हणालात, "पोर 'भ' मात्र फार छान म्हणते." सोमीच्या त्या बोलण्यात "भ" कुठेच नव्हता.

आणि मग या पावसाळ्यात तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. हे लिहायला हात होत नाही. पण नंतरच्या त्या आठवड्यांत तुम्ही जे केलंत ते पाहणारी मी एकटीच होते, म्हणून लिहिते.

वैद्य म्हणाले, आता वाचा येणं कठीण. तुम्ही ऐकत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डाव्या हातानं भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलंत. मी आरसा काढून तुमच्यासमोर धरला. तुम्ही तोंड उघडलंत, अर्धंच उघडलं. माझा हात ओढून तुमच्या गळ्यावर ठेवलात. आणि सुरुवात केलीत, "आ"पासून. रोज. घाम फुटेपर्यंत. मी म्हणायची पुरे, तुम्ही डोळे वटारायचात. किती पोरांना तुम्ही हे करायला लावलंत, आणि स्वतःवर पाळी आली तेव्हा एकही दिवस चुकवला नाहीत. मला तुमचा फार अभिमान वाटायचा, वन्सं. तसं मी तुम्हाला सांगितलं नाही. नणंदेला असं कुणी सांगतं का? सांगायला हवं होतं.

आणि शिकवणी संपली की तुमचा डावा हात उठायचा. मूठ उघडून बोटं खाली: पाऊस, खिडकी लाव. पोटावरून हात फिरवून मान हलवली: नको भात. सोमीचेच शब्द. पहिल्यांदा तुम्ही ते केलंत तेव्हा आपण एकमेकींकडे पाहिलं. तुमचा अर्धा ओठ हसला. मी जिंकले असं माझ्या जिभेवर आलं होतं; म्हटलं नाही, कारण त्याच सकाळी आरशासमोर तुम्ही "य" म्हणाला होतात. यशोदेतला "य". माझ्या नावाचं पुढचं काही आलं नाही, पण त्या "य"ला मी "ओ" दिली. तेव्हा कोण जिंकलं ते राहूनच गेलं. राहू दे.

भाद्रपद सरता सरता दुसरा झटका आला, आणि तो थांबला नाही. माझा हात तुमच्या हातात होता.

खोडाळ्याकडे निरोप धाडायला पावसात माणूस मिळाला नाही. नदीनाले भरलेले. सोमीला काही कळलंच नव्हतं. काल दुपारी ती आली. डोक्यावर पाटीत रानातल्या मोठाल्या काकड्या, कडेवर पोर. पोर ऐकतं हो, वन्सं. कुत्रा भुंकला की वळून बघतं. दारातूनच हाक मारली, "वन्नं!"

मी बाहेर आले. तिनं माझ्या मागे पाहिलं, तुमच्या खोलीकडे. "वन्नं कुठं?"

मी उजेडाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "वन्सं गेल्या."

"कुठं गेल्या?"

तिनं शब्द नीट वाचला होता. गेल्या म्हणजे गेल्या. कुठल्या तरी गावाला. "देवाघरी," मी म्हणाले. तिच्या कपाळावर आठी पडली. देवाघर म्हणजे तिला देऊळ. देवळात बसल्या का, मग येतील. मला हातांनी काही सुचेना. मरणाची खूण बुधीनं मला कधी शिकवली नव्हती, मीही कधी विचारली नव्हती. इतक्या दिवसांत समाचाराला आलेल्या एकाही माणसानं, तुमच्या भावांनी, मी, कुणीच तो शब्द उच्चारला नव्हता. सगळे गेल्या म्हणत होते, सुटल्या म्हणत होते. आणि समोर ही उभी, माझ्या ओठांकडे बघत, खरा शब्द येईल म्हणून थांबलेली.

"मेल्या," मी म्हणाले. "वन्सं मेल्या, सोमी."

पाटी तिनं हळूच खाली ठेवली. पोराला जमिनीवर सोडलं. ओट्याच्या कडेला बसली. मी शेजारी बसले. पोर रांगत जाऊन एका काकडीला चावायला बघत होतं.

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "जवळ कोन व्हतं?"

"मी," मी म्हणाले.

तिनं माझ्या ओठांकडे पुन्हा एकदा पाहिलं, नीट वाचलं ना याची खात्री करावी तसं. मग मान डोलावली.

"मंग बेस," ती म्हणाली.